दोन उजवे कौल

“अगो, जिला जेवताना दुसऱ्यांदा आमटी मागता येत नाही, ती परक्या मुलींच्या होस्टेलात कशी राहील?”

काकांचा आवाज मागच्या पडवीतून आला. मी माजघरात वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. हातातलं धोतर अर्धवट दुमडलेलं तसंच राहिलं. काका हे चिडून म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं, पण त्यांच्या आवाजात काळजी होती. त्यावर काकू काहीतरी बोलली, मग आणखी काही बोलली, आणि तिचं बोलणं रहाटाच्या कुरकुरीत मिसळून गेलं. बैल थांबला की रहाट थांबायचा, रहाट थांबला की तेवढ्यापुरती काकू स्पष्ट ऐकू यायची. “शिकेल हो बोलायला... मी नाही का शिकले?” एवढंच मला कळलं. काकू कधी काळी बोलत नव्हती, यावर त्या घरात कुणाचाच विश्वास बसला नसता.

मी नागावला आले ती मॅट्रिकची परीक्षा देऊन. आई मी लहान असतानाच गेली होती. वडील बोटीवर नोकरीला, वर्षातले कितीतरी महिने समुद्रावर. मला वाढवलं मावशीने, गिरगावातल्या दोन खोल्यांत. शाळा कॉन्व्हेंटची, घरी माणसं दोन, त्यामुळे बोलायचा प्रसंगच कमी. त्या वर्षी मावशी तिच्या मुलाकडे नागपूरला गेली, गिरगावातलं बिऱ्हाड मोडलं, आणि वडिलांनी मला रेवसच्या लाँचमध्ये बसवून आपल्या थोरल्या भावाकडे पाठवलं. पुढचं काय ते दादा ठरवेल, मला मान्य आहे, असं सांगून ते बोटीवर गेले. निकाल लागला. मार्क चांगले पडले. मुंबईच्या एका कॉलेजात आणि त्याच्याच होस्टेलात मला जागा मिळत होती, आणि टर्म सुरू व्हायच्या आत कळवायचं होतं. या वर्षी राहिलं तर कायमचं राहील, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. घरात बसलेल्या मुलीचं पुढच्या वर्षी काय होतं, ते आजूबाजूच्या वाड्यांमध्ये मी पाहत होते.

मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की त्या विचाराने माझे तळहात गार पडायचे. पण ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता या वयात सांगायला सोपं वाटतं. परवा माझ्या नातीने तिच्या मोबाईलवर मला कसलेसे प्रश्न विचारले. गर्दीत गेल्यावर थकवा येतो का, निर्णय डोक्याने घेता की मनाने, असले. शेवटी त्यातून चार इंग्रजी अक्षरं निघाली आणि ती टाळी वाजवून म्हणाली, “आजी, तू हीच आहेस, अगदी हीच!” चार अक्षरांत मी पुरी मावले याचं तिला फार कौतुक वाटलं. मी हसले. मनात आलं, नागावच्या त्या घरात ही यंत्रणा घेऊन कुणी गेलं असतं तर काकूने पहिल्याच प्रश्नाला उत्तर म्हणून तिच्या माहेरची हकीकत सांगितली असती, आणि काकांनी, उद्या सांगतो, म्हटलं असतं.

त्या घरात मी तीन माणसं पाहिली आणि माणूस ठरवतो कसा, याचा अचंबा मला तेव्हापासून जो वाटू लागला तो अजून ओसरलेला नाही.

काका बोलत नसत, पण त्यांचं न बोलणं माझ्यासारखं नव्हतं. फणस पिकलाय की नाही हे बघायला ठोकून बघतात, तसे ते प्रत्येक गोष्ट आठवडाभर ठोकून बघत. म्हातारा बैल विकायचा की ठेवायचा हा प्रश्न मी आले तेव्हा चालू होता. रोज सकाळी ते त्याच्याजवळ जाऊन उभे राहत, पाठीवर हात ठेवत, आणि परत येऊन सुपारी कातरत बसत. त्यांच्या अडकित्त्याचा आवाज आला की घरातले सगळे समजायचे, आज काही ठरत नाही. मग एका सकाळी ते गोठ्यातून आले आणि म्हणाले, “बैल राहील.” झालं. का राहील, कशावरून, काही नाही. आणि पुढे तो विषय जणू त्या घरात कधी निघालाच नव्हता.

काकूचं उलट. बोलल्याशिवाय आपलं मत काय आहे हे तिला कळतच नसे. ती बोलायला लागायची तेव्हा एका बाजूला असायची, आणि वाक्याच्या मध्यावर स्वतःचंच ऐकून दुसऱ्या बाजूला जायची. “बैल विकून टाकावा म्हणते मी, खातो किती, आणि काम... काम तसं करतो म्हणा, बिचारा, वासरू होता तेव्हा याच हाताने... विकायचा कशाला मेला?” मला पहिल्यांदा वाटलं, हिला मत नाही. मग लक्षात आलं, मत आहे, पण ते तिच्या तोंडात तयार होतं, भाकरी तव्यावर होते तसं, सगळ्यांसमोर.

आणि यमू. यमू म्हणजे काकांची मुलगी, माझ्याच वयाची. तिच्याबरोबर देवळापर्यंत जायचं म्हणजे सबंध सकाळ. वाटेवरच्या एकेका वाडीच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, ती थांबायची, आत डोकावायची, “काय गो माई, गुडघा कसा आहे?” म्हणून ओरडायची, तेवढ्यात कुणी तिच्या हातात पानगी ठेवायचं, कुणी तिला आपल्या सुनेचं गाऱ्हाणं सांगायचं, आणि ती तिथल्या तिथे निकाल द्यायची, “सुनेचं बरोबर आहे, काकी. तुम्ही गप्प बसा.” मी मागे उभी राहून चपलेने वाळूत रेघोट्या ओढायची. त्या म्हाताऱ्या तिच्यावर रागावत कशा नाहीत, हे मला कळत नसे. समुद्रात पाय टाकावा तशी ती माणसांत पाय टाकायची, खोल किती हे न बघता. मला तिचा हेवा वाटत नव्हता. मी थक्क होऊन बघत होते. नट रंगमंचावर आला की आपण बघतो, तसं.

माझं काय व्हायचं ते सांगते. कुणी काही बोललं की माझं उत्तर आधी इंग्रजीत तयार व्हायचं. मग मी ते मराठीत आणायची. मग ते ऐकायला कसं वाटेल ते बघायची. तोवर बोलणं तीन वळणं पुढे गेलेलं असायचं. म्हणून मी बोलत नसे. यमू मला मडम म्हणायची. “मडमला विचारा, मडमचं काय मत?” असं ती म्हणायची खरी, पण उत्तराला थांबायची नाही. ती थांबणाऱ्यातली नव्हतीच.

एका संध्याकाळी बिरड्याचा बेत होता. भिजवून मोड आणलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक साल काढायची, त्या डाळिंब्या. हे काम एकट्याने करायचं नसतं. पडवीत मधोमध परात ठेवून सगळ्यांनी भोवती बसायचं, बोटांना काम, तोंड मोकळं. त्या घरातलं जे काही ठरायचं ते परातीभोवती ठरायचं. काकासुद्धा बसत. त्यांची डाळिंबी कधी मोडत नसे.

काकूचा चेहरा त्या दिवशी फुललेला होता. तिला काहीतरी सांगायचं होतं आणि ती ते थोपवून धरत होती, म्हणजे दोन वाल सोलेपर्यंत.

“मी गेले होते आज देवळात,” ती म्हणाली. “शालूचा कौल लावून आले.”

शालू म्हणजे मी. आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर गावदेवीला कौल लावतात. गुरव देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात भिजवलेली एकेक कळी चिकटवतो, आपण प्रश्न विचारायचा, आणि बसून राहायचं. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. काकूला कौलाची घाई असायची. काकांना नव्हती. पण मानायचे दोघंही.

“मग?” यमूने विचारलं.

“उजवा!” काकू म्हणाली. “कळी टेकते न टेकते तोच उजवी खाली. गुरव म्हणाला, असा मोकळा कौल वर्षात बघितला नाही. मुलगी जाणार!”

माझ्या बोटांतला वाल सुळकन परातीत गेला. मी मान वर केली नाही.

काकांनी त्यांची डाळिंबी सोलून पूर्ण केली, ती वाडग्यात टाकली, आणि म्हणाले, “मीही लावला होता. काल.”

“तुम्ही? तुम्ही कधी गेलात?”

“सकाळी. मला उजवाच मिळाला.”

“अगोबाई!” काकूने ओले हात जोडले. “दोघांना उजवा! मग बोलायचं काय राहिलं? यमे, मुंबईला उद्याच कळवायला सांग कुणाला...”

“थांब,” काका म्हणाले. “मी विचारलं होतं, मुलगी इथे घरात राहिली तर तिचं भलं आहे ना? उजवा मिळाला.”

 रहाट केव्हाच थांबला होता. मग यमू हसायला लागली. ती हसली की जोरात हसायची, पुढे वाकली, परातीला तिचा गुडघा लागला, आणि अर्धे वाल पाण्यासकट जमिनीवर गेले.

“हसतेस काय मेले?” काकू ओरडली. “आणि तुम्ही! मला न सांगता देवीकडे जायचं कशाला? एकाच गोष्टीसाठी दोनदा विचारायचं असतं का?”

“दुसऱ्यांदा तू विचारलंस. मी आधी गेलो होतो.”

“मला काय ठाऊक तुम्ही गेला होतात? तोंड उघडता कधी?”

“आणि तू बंद कधी करतेस?”

मी सांडलेले वाल गोळा करत होते. देवीने दोघांना हो म्हटलं होतं. दोघंही माझ्या भल्यासाठीच गेले होते. एकाला मी कोमेजून जाईन अशी भीती होती, म्हणून त्याने प्रश्न राहण्याचा विचारला. दुसरीला वाटत होतं माणूस कुठेही टाकला तरी रुजतो, म्हणून तिने जाण्याचा विचारला. दोघांनीही आपापल्या स्वभावातून उठून देवळाची पायरी चढली होती, आणि आपल्या स्वभावाला हो म्हणवून घेऊन आले होते. जमिनीवर बसल्या बसल्या मला हे एकदम दिसलं. एवढी मोठी माणसं, आणि आपण प्रश्न विचारतो आहोत की आपलं मन बोलून दाखवतो आहोत, हे त्यांनाच कळलेलं नव्हतं.

आणि एक दिसलं, ते जास्त टोचलं. त्या घरात कुणी कुणाला मत विचारत नसे. ज्याला मत असेल त्याने ते मध्ये आणून टाकायचं, परातीत वाल टाकावे तसं. मी इतके आठवडे वाट बघत होते की कुणीतरी मला विचारेल. आणि ते सगळे वाट बघत होते की मी बोलेन. मी बोलले नाही, म्हणजे मला काही म्हणायचं नाही, असं त्यांनी सरळ धरलं होतं. त्यात वाईट काही नव्हतं. माझी वाट आणि त्यांची वाट, दोन्ही समोरासमोर बसल्या होत्या.

ठरलं असं की सगळ्यांनी मिळून जायचं आणि सगळ्यांच्या देखत एकदाच कौल लावायचा. मग जो मिळेल तो. काकांनी हे म्हटलं आणि काकूने मान डोलावली. यमूने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी मान खाली घातली. ती मान खाली घालण्याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या परीने लावला असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. काकू धुवट लुगडं नेसली होती, काकांनी कोट घातला होता. देऊळ लहान, कौलारू, मागे सुरूची झाडं आणि त्यापलीकडे समुद्र. आकाश भरून आलेलं, पण कोरडं. होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या. वारा सुरूंतून जायचा तेव्हा एक लांब सुस्कारा टाकल्यासारखा आवाज यायचा आणि मग नुसत्या लाटा.

गुरव म्हातारा होता. त्याला बहुधा यमूने आधीच सगळं सांगितलेलं होतं, कारण तो हसू दाबत होता.

“आता एका तोंडान बोला,” तो म्हणाला. “दोन तोंडान इचारलं तर देवी तरी काय करल?”

पण एक तोंड होईना. काका म्हणाले, “राहावं का, असं विचार.” काकू म्हणाली, “राहावं का काय, जावं का विचार.” यमू म्हणाली, “जाऊ की नको एवढंच विचार ना, गुरवदादा, आम्हाला घरी कामं आहेत.” शेवटी गुरवाने आपल्याच मनाने गाऱ्हाणं घातलं. ही तुझी लेकरं, ही पोर मुंबईला शिकायला जायची हाय, जावं असं तुझ्या मनात असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे. त्याने कळ्या पाण्यात बुडवल्या आणि देवीच्या काळ्या खांद्यांवर हलकेच टेकवल्या.

आणि कळ्या बसून राहिल्या.

तशी शांतता मी त्या घरातल्या माणसांची कधी पाहिली नव्हती. काकू मांडी घालून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. यमू दोन्ही हात हनुवटीखाली घेऊन उजव्या कळीकडे असं बघत होती की नजरेनेच तिला फुंकर घालेल. काका देवीच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते, पायांकडे बघत होते. उजव्या कळीखाली पाण्याचा एक थेंब जमला, मोठा झाला, पाषाणावरून ओघळला, आणि कळी तशीच. सगळ्यांनी श्वास धरला होता तो सोडला. मग डावीखाली एक थेंब जमला.

मी एकेकाकडे बघत होते. माझ्यासाठी बसली होती ही माणसं. ज्यांची मनं एरवी एका क्षणात ठरायची किंवा आठवडाभर ठरत नसत, ती तिन्ही एका इवल्याशा कळीपाशी येऊन थांबली होती, आणि आपलं मन मोडलं तर मोडू दे म्हणून तयार होती. काकूने बोलणं सोडलं होतं. काकांनी आपला आठवडा सोडला होता. यमूने घाई सोडली होती. मला वाटलं, मी फक्त बघत आले सगळा जन्म, पण असं काही पाहिलं नव्हतं. चर्चमध्ये, शाळेच्या प्रार्थनेत, कुठेच नाही. 

गुरवाने दुसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं. कळ्या हलल्या नाहीत. बाहेर सूर्य ढगामागून येऊन पुन्हा गेला. गुरवाने तिसऱ्यांदा तांब्या उचलला, मग काकांकडे बघून खाली ठेवला.

“न्हाय बोलत,” तो म्हणाला. “कदी कदी न्हाय बोलत ती.”

काका उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती, हरल्याचंही काही नव्हतं. “तिच्या मनात नसेल आज,” ते म्हणाले. “असू दे. पुढच्या वर्षी बघू.” आणि त्यांनी खांबाला टेकवलेली छत्री घेतली.

पुढच्या वर्षी. काकूने तोंड उघडलं आणि मिटलं. यमूने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच ती थांबली होती. पण तीही काही विचारत नव्हती, नुसती बघत होती. मला कळलं, कुणी विचारणार नाही. यांच्यात विचारण्याची रीतच नाही. मला काही इंग्रजीतून मराठीत आणावं लागलं नाही. ते मराठीतच आलं, आणि जरा जास्त मोठ्याने आलं, देवळात घुमलं. नंतर घरात यावरून वाद व्हायचे की मी बोलल्यावर आधी कुठली कळी पडली. काकू उजवी म्हणायची, काका काही म्हणत नसत. खरं म्हणजे त्या वेळी देवीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

“काका, थांबा,” मी म्हणाले. “माझं जायचं ठरलंय. देवीला ते विचारू नका. तिथे मला फार भीती वाटणार आहे, तेव्हा तिने माझ्याजवळ राहावं, एवढंच तिला सांगा.”